पाहणे आणि खेळणे
(मंडळाच्या बेसा, नागपूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्या, विवाह व शिष्यवृत्ती यांची चर्चा आपण दरवर्षी करतो. आज ज्ञातिबांधवांच्या शरीरसंपदेविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

बेसा येथून जामठ्याचे क्रीडांगण फार दूर नाही. २००८ साली सौरव गांगुली आपला अखेरचा कसोटी सामना तेथेच खेळला. सामन्याच्या दिवशी तरुण मंडळी वर्धा मार्गाने लोटते. उरलेले घरी दूरदर्शनसंचासमोर बसतात. सामना संपताच मुले बॅट-चेंडू घेऊन अंगणात धावतात. आम्ही मोठी माणसे मात्र आणखी एक चहा मागवून पंचांच्या निर्णयावर वाद घालतो. पाहिले दोघांनी सारखेच. लाभ तेवढा मुलांच्या पदरी पडला!

थोर खेळाडूंचा पराक्रम पाहून मन उचंबळते खरे, परंतु ती उभारी आपोआप टिकत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमुळे एक पिढीच खेळाकडे वळेल, अशी यजमानांची आशा होती. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा सामान्य जनांच्या व्यायामात टिकाऊ वाढ झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. याउलट आपल्या विदर्भातील अमरावतीकडे पाहावे. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. मंडळाची स्थापना १९१४ ची. त्या कौतुकामागे बावीस वर्षांची साधना उभी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालणे. वीस षटकांचा एक सामना पाहण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागतो. ज्यास तो सापडतो, त्यास हा अर्धा तास सापडू नये काय? मधुमेह व रक्तदाब आज कोणत्या घरी नाहीत?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या कन्यांनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला. सांगलीच्या स्मृती मानधनाचे कौतुक घरोघरी झाले. परंतु त्याच घरातील मुलीस ‘आता मोठी झालीस, मैदान पुरे’ असे सांगितले जात असेल, तर तो विजय आपल्या उंबरठ्याबाहेरच राहिला, असे आम्ही समजतो.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. पुढील संमेलनातील क्रीडास्पर्धा केवळ बालगटापुरत्या न ठेवता प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी चालण्याची शर्यतही ठेवावी. आणि प्रत्येक कुटुंबाने एवढा नेम करावा की, रात्री सामना पाहिला तर सकाळी सर्वांनी मिळून चालावयास निघावे. टाळ्या वाजविणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. आता चालणारे पाय हवेत.