पुलाअलीकडची सून



या व्याख्यानमालेत बोलायला मोठमोठी माणसं येतात. यंदा मंडळाचे सचिव घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, यंदा गावातलाच वक्ता घ्यायचं ठरलंय." मला आनंद झाला, कारण लग्न होऊन चाळीस वर्षं उलटल्यावर कुणीतरी मला गावातली म्हणालं. मी चहा ठेवायला आत वळले, तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "म्हणजे, तुम्ही मूळच्या कोकणातल्या, तेव्हा बाहेरच्या नजरेनं गावाबद्दल काही सांगा." साखर एक चमचा कमी घातली मी त्या चहात.

महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलं की अधिवासाचा दाखला मिळतो. कोगनोळीत असा काही नियम नाही. इथं माझ्या नातवाला कुणी उपरा म्हणत नाही, पण मला अजून विचारतात, "तुमच्याकडं आंबा कसा हाय यंदा?" तुमच्याकडं! माझ्या माहेरचं कलम वाळून वीस वर्षं झाली.

सचिवांनी जाता जाता आणखी एक सांगितलं, "वाटेल ते बोला, पण राजकारण नको." आता कोगनोळीत उभं राहून राजकारण नको म्हणजे पंढरपुरात उभं राहून विठ्ठल नको म्हटल्यासारखं आहे. आमचं अख्खं गाव टीव्हीवर दिसतं तेच मुळी राजकारणामुळं. मी राजकारण बोलणार नाही, फक्त घरातलं सांगणार आहे. त्यात ते आपोआप आलं तर मी काय करू?

१९८३ साली माझं लग्न ठरलं. राजापूर तालुक्यातलं माझं माहेर. मध्यस्थ स्थळ घेऊन आले तेव्हा वडिलांनी विचारलं, "गाव कुठं?" "कोल्हापूरजवळ." "जिल्हा?" मध्यस्थांनी पान तोंडात टाकलं. "बेळगाव." वडील खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे कर्नाटक?" "नावाला हो," मध्यस्थ म्हणाले. "माणसं मराठी, घर मराठी, भजन मराठी. पाटी तेवढी कानडी." वडिलांचं समाधान झालं. आईचं झालं नाही. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तिकडं भात खातात ना गो?"

गगनबावड्याचा घाट चढून, कोल्हापूर, कागल करत वऱ्हाडाची गाडी दूधगंगेच्या पुलावर आली. पूल ओलांडला आणि मी परराज्यात गेले. हवा तीच, रस्ता तोच, ऊस तोच. फरक एवढाच की मला शिंका सुरू झाल्या. तंबाखू! दारादारांत, पोत्यापोत्यांत, वाऱ्यावर तंबाखू. नव्या नवरीनं उंबरठ्यावरचं माप ओलांडलं ते शिंकतच. आमच्याकडं शिंक म्हणजे अपशकुन. माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि मागं वळून मामंजींना म्हणाल्या, "माल कडक हाय यंदा. दर धरून ऱ्हावा." त्या दिवशी मला कळलं की या घरात माझं बरं चालणार.

तंबाखूवरून आठवलं. मी आले तेव्हा निपाणीचं आंदोलन दोन वर्षांमागचं होतं. १९८१ च्या त्या मार्च-एप्रिलमध्ये हजारो शेतकरी हमरस्त्यावर बसले होते, आणि एप्रिलमध्ये गोळीबार होऊन माणसं गेली होती. घराघरांत तीच बोलणी. मला नवल वाटायचं ते एका गोष्टीचं. पुढारी कोण, तर शरद जोशी. ना निपाणीचे, ना तंबाखूवाले. चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करणारा, त्याआधी स्वित्झर्लंडात नोकरी केलेला माणूस. आणि त्यांच्यामागं मराठी बोलणारा बसला होता, कानडी बोलणाराही बसला होता. त्या रस्त्यावर कुणी कुणाचा अधिवासाचा दाखला मागितला नाही. प्रश्न दराचा होता, आणि दर दोन्ही भाषांत कमीच मिळत होता.

आता भाषेबद्दल. मला वाटत होतं, अडचण येईल ती कानडीची. आली मराठीची. पहिल्याच सकाळी शेजारच्या काकी आल्या आणि म्हणाल्या, "जेवलासा काय?" सकाळचे आठ वाजले होते. आमच्या कोकणात पाहुण्याला पहिल्यांदा विचारतात, "कधी आलात?" आणि लगेच, "परत कधी?" इथं सकाळी आठलाही जेवण विचारतात, रात्री अकरालाही. दुसऱ्या बाजूच्या घरात कानडी बोलणाऱ्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "ऊटा आतेन्री?" अर्थ विचारला तर तोच, जेवलासा काय! मग माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न जेवणाचा नाहीच. उत्तर ठरलेलं असतं: "व्हय, आत्ताच." उपाशी असलात तरी "व्हय". प्रश्नाचा खरा अर्थ, तू आहेस हे मी पाहिलं.

त्या आजींकडून मी कानडी शिकले. त्यांना मराठी येत होतं, पण त्या मुद्दाम माझ्याशी कानडी बोलायच्या आणि माझं मराठी ऐकून हसायच्या. "तुझं मराठी पुस्तकातलं," म्हणायच्या. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कुणी कुणाकडून घेतले याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. आमच्या ज्ञानोबांनी विठ्ठलाला कानडा म्हटलंय, हे मी त्यांना एकदा मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? हायच की."

थोरांची गोष्टही अशीच. द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलणारे, कविता केली कन्नडमध्ये, १९७३ चं ज्ञानपीठ मिळवलं कन्नडसाठी, आणि बारा वर्षं प्राध्यापकी केली सोलापुरात. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले आणि कथा मराठीत लिहीत राहिले. भीमसेन जोशी गदगकडचे, त्यांच्या अभंगाशिवाय आपली आषाढी होत नाही. ही माणसं कुणाची, याचा खटला अजून कुणी कोर्टात नेलेला नाही, एवढं नशीब.

खरा खटला मात्र आमच्या ओसरीवर रोज चालायचा. आमचे मामंजी जन्मले ते मुंबई इलाख्यात. पुढं मुंबई राज्य झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठले तर म्हैसूर राज्यात. १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं. या सगळ्या काळात त्यांनी ओसरीवरची बैठकसुद्धा बदलली नव्हती. मी घाट चढून परराज्यात आले, मामंजी बसल्या जागी परराज्यात गेले. त्यामुळं ते मला कधी उपरी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "तू तरी बापाला विचारून आलीस. आम्हांस्नी कुणी विचारलं?"

सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या, अक्कलकोट, जतकडची २४७ गावं तिकडं द्या, बेळगाव मात्र तिथंच. यातली गंमत बघा. निपाणी महाराष्ट्राला द्या म्हणणारा अहवाल कर्नाटकाला मान्य, महाराष्ट्राला अमान्य! बेळगाव सोडून महाराष्ट्र कसा हो म्हणणार, हे मामंजींना पटत होतं. ते निष्ठावंत समितीवाले. पण रात्री जेवताना कधीतरी बोलून जायचे, "आपलं तेवढं आधी घेतलं असतं तर?" आणि लगेच इकडंतिकडं बघायचे, कुणी ऐकलं तर नाही.

१ नोव्हेंबर हा आमच्या घरातला सगळ्यात अवघड दिवस. बाहेर राज्योत्सव, आत काळा दिवस. मामंजींचा उपवास, ह्यांच्या दंडाला काळी फीत. आणि आमचा मुलगा, वय वर्षं सात, शाळेतून हातात लाडू घेऊन आला. ओसरीवर शांतता पसरली. मामंजींनी विचारलं, "कशाचा लाडू हा?" त्यांना काय विचारायचं होतं ते आम्हां सगळ्यांना कळलं होतं. पोरगं म्हणालं, "बुंदीचा." मामंजी बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "खा. सांडू नको."

२००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मामंजींनी नवा चष्मा करून घेतला, निकाल स्वतः वाचायचा म्हणून. तो चष्मा आमच्या कपाटात आहे. दावा अजून चालू आहे.

तिकडं पुलावर आपली वर्षाची जत्रा ठरलेली. बेळगावात महामेळावा असला की पुलाजवळ अडथळे येतात, गाड्या अडतात, एसटी कागलातून मागं फिरते, आणि बायका डोक्यावर बोचकी घेऊन चालत पूल ओलांडतात. डिसेंबर २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या नेत्यांना इथंच अडवलं, तेव्हा चार दिवस गावात पोलीसच पोलीस. बंदोबस्ताला आलेला एक पोरगेला शिपाई होता, रायचूरकडचा. त्याला आपली थंडी सोसत नव्हती. आमच्या गल्लीतल्या बायकांनी, ज्यांचे नवरे त्या वेळी पलीकडं घोषणा देत होते त्यांनीच, त्याला भाकरी आणि खर्डा दिला. रायचूरचा माणूस, तिखट खाणारा, पण खर्ड्यानं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. जवळच एक कॅमेरावाला उभा होता. त्यानं टिपलं असतं तर "सीमेवर पोलीस भावूक" अशी बातमी झाली असती.

आणि कोरोनात तर पूल म्हणजे समुद्र झाला. माझी लेक कागलात बाळंत झालेली, अंतर पायी जाण्याचं, पण इकडं परत यायचं तर आरटीपीसीआरचा दाखला हवा. मी डिंकाचे लाडू घेऊन अडथळ्याशी उभी. तिथल्या हवालदारानं डबा हातात घेतला, दोन पावलं पुढं जाऊन जावयाच्या हातात दिला आणि मला म्हणाला, "लाडूगे टेस्ट बेडा, अक्का." लाडवाला टेस्ट नको.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, बघा, माणुसकी मोठी. मला तेवढ्यावर घरी जायचं नाही. लाडू पोचला म्हणून उताऱ्यावरचं नाव मला वाचता येईल अशा लिपीत येत नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं घटनेच्या ३५०-अ कलमात आहे. ते हवालदाराच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. ते मागायचंच, आणि मोठ्यानं मागायचं.

पण मागताना एकदा आपल्या दाराकडंही बघू या. सकाळी साडेआठला गल्लीत इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते. ती कुठकुठल्या दारात थांबते ते मी ओसरीवरून रोज मोजते. काळ्या फिती ज्या दारांत सगळ्यांत आधी बांधल्या जातात, गाडी नेमकी तिथंच जास्त वेळ थांबते. माझी नातवंडंही त्याच गाडीत असतात. मी सुनेशी भांडले, हरले. नावं घेत नाही. सचिवांच्या दारात गाडी किती वेळ थांबते तेही सांगत नाही, राजकारण नको म्हणालेत ते.

मराठी शाळेचा पट मग भरतो कोण? गेल्या हंगामात हमरस्त्याच्या कामावर आलेलं एक बिहारी कुटुंब आमच्या परड्यामागच्या खोलीत राहायला आलं. गल्लीत सुरू झालं, बाहेरची माणसं, जपून राहा. मी स्वतः बाहेरची, त्यामुळं मला जपायचं म्हणजे काय करायचं ते कळेना. सकाळी ती बाई हापशावर दिसली. मी सवयीनं विचारलं, "जेवलीस काय?" शब्द तिला कळले नाहीत, हात तोंडाकडं नेल्यावर कळलं. ती म्हणाली, "नहीं."

चाळीस वर्षांत या गावात या प्रश्नाला कुणी "नाही" म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं. क्षणभर काय करायचं ते सुचेना. मग आत गेले आणि पीठ काढलं.

तिची मुलगी आता मराठी शाळेत पहिलीत आहे. नाव घालायला मीच घेऊन गेले होते. अर्ज कानडी, आई भोजपुरी, शाळा मराठी. मातृभाषेच्या रकान्यापाशी गुरुजींचा पेन थांबला. परवा तेच गुरुजी भेटले, म्हणाले, "वहिनी, ती पोरगी रोज वर्गात आल्या आल्या मला विचारते, जेवलासा काय?"

मी विचारलं, "तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? व्हय, आत्ताच."