दोन वह्यांत नसलेले मूल



संख्याशास्त्राचे नाव काढले की कामगार बिचकतो. आकडे साहेबाचे आणि घाम आपला, अशी आपली समजूत. पण एरंडोलच्या या व्यासपीठावरून मी आज आकड्यांचीच बाजू मांडणार आहे. हगवणीने दगावलेले मूल कागदावर आले नाही, तर त्याच्या वस्तीला स्वच्छ पाणी मागायचे कशाच्या जोरावर?

जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे. तरी तान्हे मूल गेले तर पुष्कळदा कोणी कचेरीची पायरी चढत नाही. सरकारी दप्तरात बालमृत्यू किती कमी लिहिले जातात, हे डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातील तेरा संस्थांनी २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालात दाखवून दिले.

मग न लिहिलेले मोजायचे कसे? १९४९ साली सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी बंगालमधील सिंगूरच्या नोंदींवरून एक रीत सांगितली. एक यादी नोंदणी कारकुनाची, दुसरी घरोघर फिरून केलेली. समजा, पहिलीत ८० मृत्यू आहेत, दुसरीत ६०, आणि ४८ नावे दोन्हींत आहेत. साठांपैकी अठ्ठेचाळीस पहिलीत सापडले, म्हणजे पहिली यादी शंभरांतले ऐंशी पकडते. तेव्हा खरे मृत्यू १००. दोन्ही याद्या मिळून नावे भरतात ९२. उरलेली आठ मुले कुठेच लिहिलेली नाहीत, तरी हिशेबात दिसतात! कारखान्याची अपघातवही आणि युनियनची वही शेजारी ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको.

मूल कशाने गेले, हे आईला विचारतात. जुलाब किती दिवस होते? रक्त पडत होते का? डोळे खोल गेले होते का? तिची उत्तरे दोन डॉक्टर वेगवेगळे वाचून कारण ठरवतात. या रीतीने २००५ साली भारतात एक महिना ते पाच वर्षे वयाची सुमारे तीन लाख मुले अतिसाराने गेली, असा अंदाज निघाला. दर हजार जन्मांमागे पाहिले, तर मध्य भारतातल्या मुलींचे असे मृत्यू पश्चिम भारतातल्या मुलग्यांच्या चौपट होते. रोग एकच, पण धोका सारखा नाही.

मात्र दोन याद्यांच्या हिशेबाला एक अट आहे. एक यादी ज्याला चुकवते, त्यालाच दुसरीनेही चुकवता कामा नये. तसे झाले तर उत्तर कमी येते. आता ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले कुटुंब घ्या. गावची यादी म्हणते ‘बाहेरगावी’, तिकडची म्हणते ‘परगावचे’. त्यांचे मूल दोन्हीकडून सुटते. आणि डबक्याचे पाणी तर तेच पिते.

म्हणून संघटनांना माझी विनंती आहे. मजुरीच्या हिशेबाबरोबर फडावर आणि भट्टीवर तिसरी वही ठेवा. जन्म, आजार, मृत्यू तारखेसह लिहा. जलसंजीवनीचे पाकीट स्वस्त आहे. ते कोणत्या पालावर आधी पोचले पाहिजे, हे सांगणारी वही आपल्याच हाताने लिहावी लागेल.