आधी सूर, मग कॅमेरा
1964 साली दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ इटलीत झळकला. चित्रीकरण बरंचसं स्पेनमधलं, आणि कथानक जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘योजिंबो’वरून परवानगीशिवाय उचललेलं, प्रकरण कोर्टात गेलं. पण मला आज बोलायचंय ते त्यातल्या आवाजांविषयी.

संगीतकार एनिओ मोरिकोने हे लिओनेंचे प्राथमिक शाळेतले सोबती. मोठा वाद्यवृंद परवडणारा नव्हता, तेव्हा त्यांनी शीळ, चाबकाचा फटकारा, घंटा आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र आणली. ती शीळ आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी यांची, आजही अंगावर काटा आणणारी.

इटलीत तेव्हा संवाद नंतर डब होत. नट सेटवर आपापल्या भाषेत बोलत. त्यामुळे चित्रीकरण चालू असताना संगीत वाजलं तरी बिघडत नसे. 1968 च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’साठी मोरिकोनेंनी मुख्य धुना आधीच रचल्या, आणि लिओने त्या सेटवर वाजवून कलाकारांकडून काम करून घेत. त्या सिनेमात अभिनेत्री क्लॉडिया कार्डिनाले स्थानकातून गावात पाऊल टाकते, कॅमेरा छपरावरून वर चढतो आणि एड्डा देल’ओर्सो यांचा शब्दांविना स्वर त्याच्याबरोबर उंचावतो. सिनेमासंगीतात याहून सुंदर क्षण मला तरी ठाऊक नाही. तोच तुकडा आता ऐकू या.