हॉटेल छोटं असलं तरी

(पनवेल येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणातून)



मुंबईत कुलाब्याला, लॅन्सडाऊन हाऊस या जुन्या इमारतीत ‘अबोड’ नावाचं हॉटेल आहे. खोल्या जेमतेम वीसेक. नक्षीच्या रंगीत फरशा, जुनं लाकडी सामान. जवळच १९०३ साली उघडलेलं ताज भव्यतेसाठी ओळखलं जातं. हे छोटेपणासाठी आणि सजावटीसाठी. अशा हॉटेलांना ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात.

आपल्याला त्याचं काय? ८ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या पनवेल तालुक्यात विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. विमानतळापाठोपाठ हॉटेलं येतातच. आपल्या वस्त्यांमधल्या मुली तिथे चादरी बदलायला, बाथरूम घासायला जाणार. नोकरी हवीच आहे. पण पडद्याच्या रंगावर जेवढा विचार होतो, तेवढा पडदे धुणाऱ्या बाईच्या बसायच्या जागेवर होतो का? नक्षीची फरशी आणि पितळी नळ घासायला जास्त वेळ लागतो. दिवसाला किती खोल्या आवरायच्या हे ठरवताना तो वेळ धरतात का?

हॉटेल छोटं झालं की कायद्याचा आधारही आक्रसतो, हे नीट समजून घ्या. पाळणाघराची सक्ती ५० कामगारांपासून पुढे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते ती १० कामगार असतील तिथे. मालक म्हणेल, ‘आमची माणसं सहाच, बाकीची ठेकेदाराची.’ हे चालत नाही. ठेकेदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्याच या कायद्यात कर्मचारी आहेत.

आणि खरोखरच दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर? तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. त्यासाठी अलिबागला खेटे घालायची गरज नाही. तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा, त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची, असं कायदाच सांगतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे.

आपल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे इथे किती जणींना ठाऊक आहे? प्रत्येक मंडळाने दोघींना तहसील कचेरीत पाठवावं, नाव लेखी मागावं आणि ते वस्तीतल्या फलकावर लावावं. मुलगी कामाला लागण्याआधी तिच्या हातात ते नाव असलं पाहिजे.