लिलावातले घर घेताना



आम्ही बँकेत कारकून, वक्ते नव्हे. परंतु हल्ली मंडळाचे सभासद वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन येतात आणि विचारतात, "साहेब, आसनगावला स्टेशनजवळ वन रूम किचन, स्वस्तात. घेऊ का?" म्हणून आज त्यावरच बोलतो.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता गहाण घर विकण्याचा अधिकार दिला. हप्ते थकले की ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग जाहिरात. तिच्यात 'जसे आहे, जेथे आहे' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. खरी गोम तेथेच आहे. घरपट्टी, सोसायटीची थकबाकी, वीजबिल यांची चौकशी तुम्हीच करायची. शिवाय आपल्या शहापूर तालुक्यात सातबारा जरूर काढावा. जागा बिनशेती झाली आहे का, पूर्वी आदिवासी खातेदाराची होती का, हे त्यावरूनच कळते.

'ताबा' हा शब्द तर तीनदा वाचा. प्रतीकात्मक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली आणि आत माणसे नांदत असलेली.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ८ लाख ४० हजारांची बोली जिंकली. दुसऱ्या दिवसापर्यंत चौथा हिस्सा, म्हणजे २ लाख १० हजार भरले. त्यात बायकोचे डोरले मोडलेले. उरलेले ६ लाख ३० हजार १५ दिवसांत भरायचे होते. घरकर्ज मिळेलच, हा त्यांचा भरवसा. पण आत कुटुंब राहत होते, म्हणून कर्ज नाकारले गेले. मुदत संपली, भरलेले पैसे जप्त झाले. अशी जप्ती कायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. तेव्हा कर्जाची लेखी मंजुरी आधी, बोली नंतर.

आता दुसरी बाजू. त्या दाराआडचे कुटुंबही आपल्यापैकीच कोणाचे असू शकते. नोटीस आली की लोक लाजेने ती ट्रंकेत ठेवतात. तसे करू नका. ६० दिवसांत लेखी हरकत घ्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावेच लागते. ताबा घेतल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच संपूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क आहे. पूर्वी विक्री होईपर्यंत मुदत असे, ती आता नाही.

रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो. कात्रण असो की नोटीस, घेऊन या.