‘लॅटराइट’ : शब्द एक, अर्थ अनेक
(महोत्सवी समारंभातील भाषण)



न्यासाच्या वसतिगृहाला कुंपणाची भिंत घालावयाची आहे. तिच्या अंदाजपत्रकात ‘लॅटराइट’ एवढेच लिहिले आहे. ते वाचून कोणी घडीव चिरा समजले, कोणी मुरूम. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर आहेत; म्हणूनच आम्ही दोन शब्द बोलण्याची परवानगी घेतली.

लॅटिन भाषेत ‘लाटेर’ म्हणजे वीट. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला. जमिनीत असता तो लोखंडी हत्याराने सहज कापता येई आणि उघड्यावर पडला की विटेसारखा कठीण होई. १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने हे नाव दिले. गंमत अशी की, कन्नडात याच दगडाला ‘जंबिट्टिगे’ म्हणतात आणि त्यातही ‘इट्टिगे’ म्हणजे वीटच! आपण त्याला जांभा म्हणतो.

पुढे हा शब्द प्रयोगशाळेत गेला. तेथे कठीणपणाला महत्त्व उरले नाही. पावसाने खडकातील सिलिका धुऊन नेली व लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, की झाला लॅटराइट. १९२७ मध्ये तर सिलिका व ॲल्युमिना यांचे प्रमाण १.३३ पेक्षा कमी, असा आकडाच ठरविण्यात आला. गवंड्याने हा आकडा कोठे मोजावा? शाळेच्या भूगोलात लॅटराइट म्हणजे नापीक तांबडी जमीन. रस्त्याच्या कामावर तोच शब्द मुरुमाला लावतात. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी या गोंधळाला कंटाळून ‘प्लिंथाइट’ हा ग्रीक शब्द घेतला. त्याच्याही मुळाशी वीटच आहे!

आमच्या मते बुकॅननचा अर्थ बीदरच्या माणसाला अधिक जवळचा. बहामनी काळात किल्ल्याचा खंदक याच खडकात कोरला. नौबादचे कारेजही यातच खोदलेले आहे. जांभ्याच्या छिद्रांतून पावसाचे पाणी खाली झिरपते, म्हणून त्या भुयारात पाणी मिळाले. खोदणाऱ्यांना लॅटिन येत नव्हते. दगड मात्र चांगला ठाऊक होता.

तेव्हा विश्वस्त मंडळास आमची विनंती अशी की, सही करण्यापूर्वी अंदाजपत्रकात ‘घडीव जांभा चिरा, खाणीतून काढून उघड्यावर वाळविलेला’ असे स्पष्ट मराठीत लिहून घ्यावे, आणि चिऱ्याची लांबी, रुंदी व जाडीही पुढे मांडावी.