स्वमग्न मुलांचे जीवनशिक्षण



आजचा विषय व्यासपीठावर क्वचितच येतो. माजघरात मात्र तो रोजचा आहे. स्वमग्न मुलाचे आईबाप एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : आपल्या मागे याचे कसे होणार? बुलढाणा जिल्ह्यातले खेडे असो की मुंबई, प्रश्न तोच.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, आणि आईच्या मायेत उणीव पडल्याचा तो परिणाम तर नव्हेच. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी तिचे वर्णन केले. तिचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे, हे आज सर्वमान्य झाले आहे.

मग शिकवावयाचे काय? शंभरापर्यंत अंक म्हणणाऱ्या मुलाला दुकानातून मीठ आणता येत नसेल, तर ते अंक त्याच्या काय कामाचे? सदरा घालणे आपल्याला एक काम वाटते. त्याच्यापुढे ती दहा कामे असतात. म्हणून कामाचे तुकडे पाडावेत. प्रथम शेवटची गुंडी तेवढी त्याला लावू द्यावी. ती जमली की शेवटच्या दोन. काम पुरे केल्याचे समाधान त्याला आरंभापासून लाभते. कामाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. बोललेला शब्द विरून जातो, चित्र जागचे हलत नाही. मात्र घरी शिकलेले बाहेर आपोआप येत नाही. खामगावच्या बाजाराचा धडा बाजारातच द्यावा लागतो, तोही प्रथम गर्दी नसताना.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आई भरवतेच आहे. खरे आहे, पण ती माया नकळत मुलाचे हात काढून घेते. तथापि आम्हांला आज्ञाधारक बाहुलेही घडवावयाचे नाही. तोंडाने नाही तर चित्रावर बोट ठेवून 'नको' सांगता येणे, हे तर पहिले कौशल्य. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्यावर कोणीही अन्याय करावा!

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिला स्थान दिले. कायदा पालक नेमून देईल. शेजारी कोण नेमून देणार? म्हणून एवढेच मागणे : असा मुलगा उद्या आपल्या दुकानी पैसे मोजत उभा राहिला, तर त्याचे मोजून होईपर्यंत थांबा. तीच त्याची शाळा आहे, आणि तिथले गुरुजी आपण आहात.